थंडरबर्डमधले मेल: बॅकअप घ्यायचा कसा आणि तो परत चढवायचा कसा

बाबांचा जुना डेस्कटॉप बदलायचा ठरला, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि त्या मशीनवर विंडोज ११ काही चढत नव्हतं. बाबांचं एकच म्हणणं होतं, फोटोबिटो नंतर बघ, आधी माझे मेल सांभाळ. आणि ते बरोबरच होतं, कारण त्यांच्या थंडरबर्डमध्ये (कॉम्प्युटरवर मेल वाचायचा-पाठवायचा प्रोग्रॅम) २००९ पासूनचे मेल आहेत, सोसायटीचा सगळा पत्रव्यवहार, पेन्शनची कागदपत्रं, आणि मुख्य म्हणजे काकांनी गावच्या जमिनीच्या वारस नोंदीच्या वेळी पाठवलेली सातबाऱ्याची आणि फेरफाराची स्कॅन्स. काका आता नाहीत. त्यांचा कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. म्हणजे ते मेल जगात फक्त एकाच ठिकाणी होते, बाबांच्या टेबलाखालच्या त्या डब्यातल्या हार्डडिस्कवर.

मी बॅकअप घेतला, नव्या लॅपटॉपवर चढवून बघितला, अकाउंट दिसलं, फोल्डरांची नावं दिसली, आणि इनबॉक्स रिकामा. का रिकामा होता ते पुढे सांगतेच, पण तेव्हापासून मी ओळखीच्या सगळ्यांना हे सांगत सुटले आहे की कॉपी करून ठेवलेली फाइल म्हणजे बॅकअप नाही, दुसऱ्या मशीनवर त्यातला एक जुना मेल अटॅचमेंटसकट उघडून बघितलात की मग तो बॅकअप. त्यामुळे या लेखात परत चढवण्याचा भाग मुद्दाम मोठा आहे, तो वगळू नका.

सगळं थंडरबर्ड आणि विंडोज धरून लिहिते आहे कारण घरी मी तेच वापरते, जीमेल आणि आउटलुकवाल्यांसाठी मध्ये थोडं थोडं आहे.

आधी हे बघा की तुमचं अकाउंट पॉप आहे की आयमॅप

थंडरबर्डमध्ये वर उजवीकडे तीन आडव्या रेघांचा मेनू आहे, त्यात अकाउंट सेटिंग्ज उघडा, डावीकडे तुमच्या अकाउंटखाली सर्व्हर सेटिंग्ज वर क्लिक करा, पहिल्याच ओळीत सर्व्हर टाइप लिहिलेला असतो. पॉप असेल तर मेल सर्व्हरवरून उतरवून तुमच्या डिस्कवर ठेवले जातात आणि सेटिंग कसं आहे त्यावर अवलंबून सर्व्हरवरून काढूनही टाकले जातात. तिथेच खाली 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' असा चौकोन आहे, त्यावर टिक आहे का बघा, आणि असेल तर त्याच्याखाली इतके दिवसच ठेवा अशी अट आहे का तेही बघा, बऱ्याचदा तिथे १४ दिवस असं असतं आणि लोकांना वाटत असतं की सगळं सर्व्हरवर आहेच. बाबांच्या अकाउंटला टिक नव्हतीच, तेव्हा मेलबॉक्सला जागाच इतकी कमी मिळायची की जुने मेल काढल्याशिवाय नवे यायचे नाहीत.

आयमॅप असेल तर मूळ मेल सर्व्हरवर आणि तुमच्याकडे त्याचं प्रतिबिंब. इथे लोक हमखास फसतात. आयमॅप म्हणजे दोन ठिकाणी मेल आहेत, म्हणजे बॅकअप झालाच, असं वाटतं पण तसं नाहीये, तुम्ही फोनवरून चुकून एक फोल्डर उडवला की पुढच्या सिंकला तो कॉम्प्युटरवरूनही जातो, अकाउंट कोणी हॅक करून साफ केलं तर तुमची घरची प्रतही साफ होते. शिवाय गूगलने वापरात नसलेल्या अकाउंटांसाठी दोन वर्षांचा नियम केला आहे आणि डिसेंबर २०२३ पासून अशी अकाउंटं काढायला सुरुवातही केली आहे, तेव्हा घरातल्या एखाद्या वयस्क माणसाचं अकाउंट कोणी उघडतच नसेल तर ते आजच एकदा उघडा.

मेल डिस्कवर नक्की कुठे असतात

ही गोष्ट माहीत नसल्यामुळे सगळ्यात जास्त मेल जातात. काही वर्षांपूर्वी माझा स्वतःचा लॅपटॉप फॉरमॅटला दिला होता, दुकानदार म्हणाला मॅडम सगळा डेटा काढून ठेवलाय, आणि खरंच डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स सगळं व्यवस्थित होतं, फक्त मेल नव्हते. कारण थंडरबर्डचे मेल यातल्या कुठल्याच फोल्डरमध्ये नसतात, ते तुमच्या युजर फोल्डरमध्ये ॲपडेटा, त्यात रोमिंग, त्यात थंडरबर्ड अशा लपलेल्या जागी असतात. ॲपडेटा हा हिडन फोल्डर आहे, साध्या नजरेला दिसतच नाही. दुकानात फॉरमॅटला देताना "मेल ॲपडेटामध्ये आहेत, ते पण काढा" एवढं एक वाक्य बोललात तरी खूप फरक पडतो, पण खरं म्हणजे देण्याआधी स्वतःच काढून घ्या.

तिथे पोचायचा सोपा रस्ता थंडरबर्डमधूनच आहे. तीन रेघांचा मेनू, हेल्प, ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन. जे पान उघडतं त्यात प्रोफाइल फोल्डर अशी ओळ आहे आणि शेजारी ओपन फोल्डर बटण. दाबा. समोर जो फोल्डर उघडला ते तुमचं प्रोफाइल, म्हणजे तुमच्या थंडरबर्डचं सगळं सामान, त्याचं नाव आठ विचित्र अक्षरांनी सुरू होतं आणि पुढे टिंब देऊन डिफॉल्ट रिलीज किंवा नुसतं डिफॉल्ट असं काहीतरी असतं.

आत बरंच काही आहे पण कामाचं एवढंच ओळखून ठेवा. मेल नावाचा फोल्डर, त्यात पॉप अकाउंटांचे मेल आणि लोकल फोल्डर्स, म्हणजे सर्व्हरशी संबंध नसलेले, फक्त तुमच्या डिस्कवरचे फोल्डर. आयमॅप मेल नावाचा वेगळा फोल्डर, त्यात आयमॅप अकाउंटांची प्रत. ॲबुक नावाची एसक्यूलाइट फाइल म्हणजे ॲड्रेस बुक, हिस्टरी नावाची तशीच फाइल म्हणजे आपोआप गोळा झालेले पत्ते. प्रेफ्स डॉट जेएस मध्ये सगळ्या सेटिंग्ज. लॉगिन्स आणि की-फोर या दोन फाइलींमध्ये तुमचे पासवर्ड, यांच्याबद्दल पुढे बोलते. ग्लोबल मेसेजेस नावाची एक मोठी डेटाबेस फाइल दिसेल, ती फक्त सर्चसाठी आहे, ती राहिली तरी थंडरबर्ड नव्याने बनवून घेतं.

आता मेल फोल्डरच्या आत शिरा आणि एखाद्या अकाउंटच्या फोल्डरमध्ये बघा. तिथे इनबॉक्स नावाची फाइल दिसेल जिच्या मागे कुठलंच एक्स्टेंशन नाही, आणि तिच्याच नावाची पण मागे एमएसएफ लावलेली एक छोटी फाइल. ती बिनशेपटीची मोठी फाइल म्हणजेच तुमचा अख्खा इनबॉक्स. सगळे मेल एकाखाली एक, एकाच लांबलचक टेक्स्ट फाइलमध्ये, या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात. अटॅचमेंटसुद्धा त्यातच असतात, अक्षरांच्या रूपात गुंडाळलेल्या, म्हणून तीन एमबीचा फोटो तिथे चार एमबीच्या आसपास जागा खातो. एमएसएफ वाली फाइल नुसती अनुक्रमणिका आहे, गेली तर परत बनते. उलटं मात्र होत नाही, इनबॉक्स फाइल गेली तर एमएसएफ मधून मेल परत मिळत नाहीत. एखाद्या छोट्या फोल्डरची प्रत काढून ती नोटपॅडमध्ये उघडून बघा (प्रत, मूळ फाइल नाही), प्रत्येक मेलच्या आधी 'फ्रॉम' ने सुरू होणारी एक ओळ दिसेल आणि तिथून पुढचा मेल सुरू. मी बाबांना हे दाखवलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपली सोळा वर्षं एका फाइलीत आहेत, आणि तिथून पुढे बॅकअपसाठी ते स्वतःच मागे लागायला लागले.

यातून अजून दोन गोष्टी समजतात. एक, थंडरबर्डमध्ये मेल डिलीट करून ट्रॅश रिकामा केला तरी तो फाइलीतून लगेच जात नाही, फक्त त्याच्यावर खूण होते, खरा जातो तो फोल्डर कॉम्पॅक्ट केल्यावर, म्हणजे खूण केलेले मेल वगळून फाइल नव्याने लिहिल्यावर. म्हणून काही चुकून उडलं असेल तर कॉम्पॅक्ट अजिबात करू नका आणि थंडरबर्डने आपणहून विचारलं तरी नाही म्हणा, आधी ती फाइल बाजूला कॉपी करा. दुसरी, अँटीव्हायरसला एखाद्या जुन्या अटॅचमेंटमध्ये काही संशयास्पद दिसलं तर त्याच्या दृष्टीने ती एकच फाइल आहे, तो पूर्ण इनबॉक्सच क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या बंद जागी, टाकू शकतो. असं झालं तर घाबरून क्लीन बटण दाबू नका, अँटीव्हायरसच्या क्वारंटाइन यादीतून फाइल रिस्टोर करा.

आणि तो बाबांच्या इनबॉक्सचा घोळ

अकाउंट सेटिंग्जमध्ये परत जा, सर्व्हर सेटिंग्ज, एकदम खाली स्क्रोल करा. तिथे लोकल डिरेक्टरी अशी एक चौकट आहे आणि त्यात पूर्ण पत्ता लिहिलेला आहे. तो पत्ता प्रोफाइल फोल्डरच्या आतला आहे का बघा. बाबांचा नव्हता! कधीतरी दहाबारा वर्षांपूर्वी सी ड्राइव्ह भरत आली म्हणून कोणीतरी त्यांचे मेल डी ड्राइव्हवर हलवून दिले होते आणि ते सगळे विसरून गेले. मी प्रोफाइल इमानेइतबारे कॉपी केलं, त्यात सेटिंग्ज आल्या, पासवर्ड आले, पत्ते आले, आणि मेल राहिले डी ड्राइव्हवर. जुनं मशीन तोवर कोणाला देऊन टाकलं नव्हतं म्हणून निभावलं.

तर प्रत्येक अकाउंटसाठी, आणि लोकल फोल्डर्ससाठी वेगळं, ही चौकट बघा आणि पत्ता कागदावर लिहून घ्या. पाच मिनिटं लागतात.

आता प्रत्यक्ष बॅकअप

१. प्रोफाइल फोल्डर उघडून ठेवा आणि मग थंडरबर्ड बंद करा. खिडकी बंद करून भागत नाही कधीकधी, मेनूतून एक्झिट करा आणि टास्क मॅनेजर उघडून थंडरबर्ड तिथे चालू तर नाही ना बघा. चालू असताना कॉपी केलं तर अर्ध्यात बदलणाऱ्या फाइली कॉपी होतात आणि ते परत चढवताना कळतं, तोवर उशीर झालेला असतो.

२. बाहेरची ड्राइव्ह लावा आणि तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइल सिस्टिम बघा. फॅट ३२ असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, ड्राइव्हमध्ये १०० जीबी रिकामे असले तरी. बाबांचा इनबॉक्स एकटाच ६ जीबीचा होता. एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवी. फॅट ३२ असेल तर आतलं काढून घेऊन एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

३. वर सांगितलं तसं प्रोफाइल फोल्डर थंडरबर्ड बंद करण्याआधी उघडून ठेवला असेल तर त्यातून दोन पायऱ्या वर जा, म्हणजे आधी प्रोफाइल्स आणि मग थंडरबर्ड. हा अख्खा थंडरबर्ड फोल्डर कॉपी करा, नुसतं एक प्रोफाइल नाही. कारण त्यात प्रोफाइल्स नावाची आयएनआय फाइल असते जी थंडरबर्डला सांगते की कुठलं प्रोफाइल उघडायचं, आणि एखाद्याच्या घरी दोन प्रोफाइल असतात, एक आईचं एक मुलाचं, तीही दोन्ही येतात.

४. ड्राइव्हवर तारखेचा फोल्डर करा, 'थंडरबर्ड २०२५-११-०९' असा, वर्ष आधी लिहा म्हणजे फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. त्यात पेस्ट करा. लोकल डिरेक्टरी दुसरीकडे असेल तर तो फोल्डरही त्याच्या शेजारीच, आणि एका साध्या टेक्स्ट फाइलीत मूळ पत्ता काय होता ते लिहून ठेवा.

५. दोन्हीकडे राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि बाइट्समधला आकडा व फाइलींची संख्या जुळवा. जीबीतला नाही, कंसात लिहिलेला पूर्ण बाइट्सचा आकडा, आणि 'साइझ' ची ओळ बघा, 'साइझ ऑन डिस्क' ची नाही, ती ड्राइव्हप्रमाणे बदलते.

कॉम्पॅक्ट करून आधी जागा कमी करावी का असं विचारतात बरेच जण. करा, पण पहिला बॅकअप कॉम्पॅक्ट न करता घ्या आणि मग कॉम्पॅक्ट करून दुसरा घ्या, कारण कॉम्पॅक्ट करताना थंडरबर्ड पूर्ण फाइल नव्याने लिहितं आणि त्यात वीज गेली तर काय होईल हे आपल्याला घरी बघायचं नाहीये.

टूल्समध्ये एक्सपोर्ट असं पण आहे, प्रोफाइलची झिप करून देतं, छोट्या मेलबॉक्सला छान आहे पण २ जीबीच्या वर ते चालत नाही, ते स्वतःच सांगतं की फोल्डर हाताने कॉपी करा. म्हणून मी हाताचीच पद्धत शिकवते.

पासवर्डचं लक्षात ठेवा

लॉगिन्स आणि की-फोर या दोन फाइली ज्याच्या हातात पडतील तो तुमचं थंडरबर्ड त्याच्या मशीनवर उघडून पासवर्ड वाचू शकतो, जर तुम्ही प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल तर. आणि घरी तो कोणी लावत नाही. म्हणून एक तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली प्रायमरी पासवर्ड लावा, किंवा बॅकअपचा फोल्डर सेव्हन झिपने पासवर्ड घालून बंद करा, त्यात एईएस २५६ एन्क्रिप्शन आहे, म्हणजे पासवर्डशिवाय आतलं वाचता येत नाही, आणि फुकट आहे. त्या झिपचा पासवर्ड मात्र घरातल्या डायरीत लिहा, जिथे गॅसचा कंझ्युमर नंबर आणि बँकेच्या लॉकरचा नंबर लिहिता तिथे. तो विसरलात तर ती झिप कोणालाही उघडता येणार नाही, तुम्हालाही नाही. गूगल ड्राइव्हवर किंवा कुठल्याही क्लाउडवर बॅकअप चढवणार असाल तर एन्क्रिप्ट केल्याशिवाय चढवू नका. आणि चालू प्रोफाइल फोल्डर वनड्राइव्हच्या सिंकमध्ये कधी टाकू नका, थंडरबर्ड आणि सिंक एकाच वेळी त्याच फाइलीला हात घालतात.

जीमेल आणि आयमॅपवाल्यांसाठी

दोन रस्ते आहेत, दोन्ही करा असं माझं मत.

पहिला थंडरबर्डमधून. अकाउंट सेटिंग्जमध्ये सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज मध्ये 'कीप मेसेजेस इन ऑल फोल्डर्स फॉर धिस अकाउंट ऑन धिस कॉम्प्युटर' वर टिक हवी, आणि खाली अमुक दिवसांचेच मेल ठेवा असं काही निवडलेलं नको. जीमेलच्या वेबसाइटवर सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग अँड पॉप आयमॅप या टॅबमध्ये फोल्डरमध्ये इतकेच मेल दाखवा अशी मर्यादा घातलेली नाही ना तेही बघा. मग सगळं उतरेपर्यंत मशीन चालू ठेवा, रात्रभर लागू शकते. उतरल्यावर लोकल फोल्डर्समध्ये वर्षावार फोल्डर करा, २०१९, २०२० असे, आणि जीमेलच्या ऑल मेल फोल्डरमधून त्या त्या वर्षाचे मेल निवडून राइट क्लिक करून कॉपी टू ने तिथे टाका. कॉपी, मूव्ह नाही, मूव्ह केलं तर सर्व्हरवरून जातील. इनबॉक्स आणि ऑल मेल दोन्हीतून कॉपी केलंत तर प्रत्येक मेल दोनदा येईल, कारण जीमेलमध्ये फोल्डर म्हणजे नुसती लेबलं असतात आणि मेल एकच असतो, म्हणून एकट्या ऑल मेलमधून घ्या. एकदा लोकल फोल्डर्समध्ये आले की सर्व्हरवर काही झालं तरी यांना धक्का लागत नाही.

दुसरा रस्ता गूगल टेकआउट, म्हणजे गूगलकडचा आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलचीच सोय. सगळं डीसिलेक्ट करा, फक्त मेलवर टिक, झिप, आणि फाइलचा साइझ मोठा निवडा म्हणजे तुकडे कमी होतात. काही तासांनी किंवा दिवसांनी लिंक येते, ती साधारण आठवडाभरच चालते तेव्हा आली की उतरवून घ्या. आत एक मोठी एमबॉक्स फाइल असते, म्हणजे तीच पद्धत जी आपण आत्ता बघितली, आणि ती खाली सांगते त्याच प्रकारे थंडरबर्डमध्ये उघडते. मात्र टेकआउटची फाइल जीमेलमध्ये परत चढवायचं बटण गूगलकडे नाही, ते करायचं तर थंडरबर्डमध्ये उघडून तिथून आयमॅप अकाउंटच्या फोल्डरवर ओढून टाकावे लागतात, थोडे थोडे करून.

जुन्या क्लासिक आउटलुकवाल्यांनी फाइल, ओपन अँड एक्सपोर्ट, इम्पोर्ट एक्सपोर्ट, मग एक्सपोर्ट टू अ फाइल, आउटलुक डेटा फाइल असं जाऊन सगळ्यात वरचं अकाउंटचं नाव निवडायचं आणि सबफोल्डर्सची टिक ठेवायची, म्हणजे एक पीएसटी फाइल मिळते. ओएसटी नावाची फाइल कॉपी करून समाधान मानू नका, ती त्या मशीनवरच्या त्या अकाउंटशी बांधलेली असते, दुसऱ्या मशीनवरच्या आउटलुकमध्ये सरळ उघडत नाही.

परत चढवणं, अख्खं

आधी नव्या मशीनचं इंटरनेट बंद करा, वायफाय ऑफ. हे का, तर बॅकअपमध्ये पासवर्ड आहेत, थंडरबर्ड उघडल्या उघडल्या नवे मेल आणायला जाईल, आणि अकाउंट पॉप असून सर्व्हरवर ठेवायची टिक नसेल तर आजचे ताजे मेल तुमच्या चाचणीच्या मशीनवर उतरतील आणि सर्व्हरवरून जातील, मग ते जुन्या मशीनवर कधीच येणार नाहीत. चाचणी मित्राच्या लॅपटॉपवर करत असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं.

थंडरबर्ड इन्स्टॉल आधीच करून ठेवा, जुन्या मशीनवर होतं तेवढं किंवा त्याहून नवं व्हर्जन. नव्या व्हर्जनने वापरलेलं प्रोफाइल जुनं व्हर्जन उघडायला नकार देतं आणि नवीन प्रोफाइल बनवा म्हणतं, तेव्हा बनवू नका, थंडरबर्ड अपडेट करा.

मग फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, हिडन आयटम्स वर टिक करून ॲपडेटा, रोमिंग मध्ये जा. तिथे थंडरबर्ड नावाचा फोल्डर असेल तर त्याला डिलीट नको, नाव बदला, 'थंडरबर्ड रिकामं' वगैरे. बॅकअपमधला थंडरबर्ड फोल्डर तिथे पेस्ट करा, झिप केली असेल तर आधी सोडवून, आणि मूळ बॅकअप ड्राइव्हवर तसाच राहू द्या, कट पेस्ट करू नका. आता थंडरबर्ड उघडा. बहुतेक वेळा सगळं जसंच्या तसं समोर येतं, अगदी कॉलमची रुंदीसुद्धा.

नाही आलं आणि नवीन अकाउंट बनवा असं विचारत असेल तर ते रद्द करा, हेल्प, ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनच्या पानावर अबाउट प्रोफाइल्सची लिंक आहे, तिथे तुमचं जुनं प्रोफाइल यादीत दिसेल, त्याच्यासमोर सेट ॲज डिफॉल्ट प्रोफाइल दाबा आणि बंद करून परत उघडा.

अकाउंट दिसतंय आणि मेल नाहीत, म्हणजे बाबांसारखी गत, तर लोकल डिरेक्टरीचा जुना पत्ता या मशीनवर नाहीये. आम्ही जुन्या मशीनच्या डी ड्राइव्हवरचा तो मेलचा फोल्डर नव्या लॅपटॉपवर प्रोफाइलच्या आतच, मेल फोल्डरमध्ये आणून ठेवला, अकाउंट सेटिंग्जमध्ये लोकल डिरेक्टरीसमोरचं ब्राउझ दाबून तो निवडला, थंडरबर्डने रिस्टार्ट करू का विचारलं, केलं, आणि खाली डाव्या कोपऱ्यात इंडेक्सिंगची आकडेवारी पळायला लागली. त्या फोल्डरमध्ये पॉपस्टेट नावाची एक लहान डॅट फाइल असते तीही बरोबर यायला हवी, कुठले मेल आधी उतरवले त्याची नोंद तिच्यात असते, ती नसेल आणि सर्व्हरवर मेल ठेवायची टिक असेल तर सगळे मेल परत एकदा उतरतात आणि डबल होतात.

यादीत मेल दिसतात पण क्लिक केल्यावर भलताच मेल उघडतो किंवा कोरं पान येतं, तर अनुक्रमणिका बिघडली आहे, मेल नाही. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. मोठ्या फोल्डरला वेळ लागतो, लागू द्या.

नुसता एकच फोल्डर परत हवा असेल तर

ही मला सगळ्यात आवडती युक्ती आहे कारण यात काही बिघडायची भीतीच नाही, आणि चाचणीसाठीही हीच वापरा. थंडरबर्ड बंद करा. बॅकअपमधली ती बिनशेपटीची इनबॉक्स फाइल घ्या, तिची प्रत काढा, नाव बदला, 'जुना इनबॉक्स' असं मराठीत चालतं पण मी इंग्रजी साधं नाव देते, आणि ती चालू प्रोफाइलच्या मेल फोल्डरमधल्या लोकल फोल्डर्स मध्ये टाका. एमएसएफ फाइल घेऊ नका. थंडरबर्ड उघडा, डावीकडे लोकल फोल्डर्सखाली त्या नावाचा नवा फोल्डर दिसेल, त्यावर क्लिक केलं की थोडा वेळ घेऊन मेल दिसायला लागतात. हवे ते उचला, इकडे तिकडे कॉपी करा, काम झालं की फोल्डर डिलीट करा. टेकआउटची फाइल पण अशीच, फक्त नाव छोटं करून मागचं एमबॉक्स काढून टाका.

चाचणी कशी करायची ते पण सांगते, नाहीतर लोक पहिला मेल उघडून खूश होतात. सगळ्यात जुना मेल उघडा, मधल्या वर्षांतला एक उघडा ज्याला मोठी अटॅचमेंट आहे आणि ती अटॅचमेंट सेव्ह करून उघडून बघा, सेंट फोल्डर बघा (हा हमखास विसरतो आणि आपण कोणाला काय लिहिलं होतं ते तिथेच असतं), मराठीतला एखादा जुना मेल नीट दिसतो का बघा, आणि जुन्या मशीनवर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये मेलची संख्या काय होती ती नव्याशी जुळवा. बाबांनी स्वतः बसून केलं हे. काकांचं नाव सर्चमध्ये टाकलं, इंडेक्सिंग संपायचं होतं म्हणून आधी काही आलं नाही, दहा मिनिटांनी परत टाकलं तर एकशेचाळीसच्या वर मेल आले, फेरफाराची पीडीएफ उघडली, तलाठ्याचा शिक्का वाचता येत होता.

आता आमच्याकडे दर तीन महिन्यांनी, लाइट बिल आणि मेंटेनन्सच्या तारखांसारखी कॅलेंडरवर खूण करून, दोन ड्राइव्हवर आळीपाळीने बॅकअप होतो, एक बाबांच्या कपाटात आणि एक माझ्या घरी, म्हणजे एका घरात काही झालं तरी दुसरी आहे. शेवटचे तीन बॅकअप ठेवायचे, त्याच्या मागचा काढायचा, कारण कधीकधी खराब झालेला फोल्डर दोन बॅकअप उलटून गेल्यावर लक्षात येतो. ज्या दिवशी बॅकअप घेतो त्याच दिवशी मी माझ्या लॅपटॉपवर तो बिनशेपटीचा इनबॉक्स लोकल फोल्डर्समध्ये टाकून उघडते आणि बाबांना फोनवर एक मेल वाचून दाखवते, कुठला ते दर वेळी तेच सांगतात.